थंडाईतले थेंब

दिगूचं बनियन धुताना नलिनीच्या हाताला ते लागलं. छातीपाशी दोन्ही बाजूंना कापड कडक झालं होतं, पेज सांडून वाळावी तसं. घाम असा वाळत नाही. तालमीतली लाल माती तर साबण लावायच्या आधीच पाण्यात उतरते. तिनं बनियन नाकाशी नेलं आणि धुण्याच्या दगडावर तशीच बसून राहिली. दोन लेकरं तिनं अंगावर पाजली होती. हा डाग कशाचा, हे तिला कुणी सांगायला नको होतं. पण तो बाळंतिणीच्या चोळीवर असतो. तेविशीतल्या पैलवानाच्या बनियनवर तो असायचं काही कारण नव्हतं.

दिगू म्हणजे दिग्विजय, तिचा धाकटा. थोरली लेक लग्न होऊन माले गावात नांदत होती. भरे गावात कैलासचं, म्हणजे नलिनीच्या नवऱ्याचं घर खाऊनपिऊन सुखी. पिरंगुटच्या कारखान्यांत येणाऱ्या कामगारांसाठी रस्त्याकडेला खोल्या काढलेल्या, मागं भाताची खाचरं, गोठ्यात दोन म्हशी. म्हशी डेअरीला दूध घालायला नव्हत्या, दिगूसाठी होत्या. मुळशीत ज्या घरातला पोरगा तालमीत जातो, ते सगळं घर त्याच्या पोटाभोवती फिरतं. पोरगा कुस्ती मारून आला की हार वस्तादाच्या गळ्यात पडतो, बाप मिशीला पीळ देत गावभर हिंडतो, आणि आईच्या वाट्याला पाटा-वरवंटा येतो. बदाम भिजवा, सोला, वाटा, खसखस वाटा, दुधात कालवा. नलिनीची त्याबद्दल कधी तक्रार नव्हती. उलट वरवंट्याची घरघर सुरू असली की घरात सगळं ठीक आहे असं तिला वाटायचं.

आणि आता ठीक नव्हतं, आणि का नव्हतं ते तिला त्या दगडावर बसल्याबसल्या कळलं होतं. बाकी कुणाला नाही तरी तिला. कारण दिगूच्या थंडाईत बदाम आणि खसखशीखेरीज आणखी काय जातं, ते तिच्याशिवाय आणि कैलासशिवाय गावात कुणाला माहीत नव्हतं. खुद्द दिगूलाही नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी हा पोरगा एकदा म्हणाला, भाकरीला वास येतोय. तिथून सगळं सुरू झालं. नलिनीला वाटलं पीठ खवट झालं असेल, तिनं नवं दळण आणलं. मग पाण्याला वास येऊ लागला. मग खोल्यांतले भाडेकरू आपल्याबद्दलच कुजबुजतात, भिंतीतून नाव घेऊन हाका मारतात, असं तो सांगू लागला. आणि एका सकाळी भरल्या ताटावरून उठून, आईच्या डोळ्यांत डोळे घालून त्यानं विचारलं, "ह्यात काय कालवलंस?"

नलिनीला हसू आलं. "माया कालवली, दुसरं काय?" ती म्हणाली.

त्यानं ताट भिरकावलं. डाळ भिंतीवरून ओघळत खाली आली. त्या दिवसापासून घरात शिजलेल्या अन्नाला तो शिवेना. स्वतःच्या हातानं उकडलेली अंडी, न सोललेली केळी, दुकानात समोर फोडून घेतलेला बिस्किटाचा पुडा, एवढ्यावर तो पैलवान गडी जगू लागला. गालफडं बसली, मांड्यांचं मांस उतरलं. आपण मांडीवर वाढवलेलं लेकरू आपल्या हातच्या घासाला भितं, हे बघत रोज चूल पेटवायची, ही शिक्षा कुणाच्या वाट्याला येऊ नये.

गावानं गावासारखं केलं. कुणी लिंबू उतरवलं, कुणी अंगारा दिला, कुणी म्हणालं लग्न करून टाका, आपोआप ताळ्यावर येईल. मुळशीत माणूस एक वेळ पोरगा दारू पितो म्हणून चारचौघांत सांगेल, पण पोराचं डोकं फिरलंय म्हणून सांगायचा नाही. शेवटी नलिनीनंच मारुंजीतला डॉक्टर शोधून काढला. पिरंगुट-पौडला दवाखान्याच्या पायरीवर ओळखीचं माणूस भेटतंच; मारुंजीत सगळे बाहेरगावचे, कुणाला कुणाचं काही पडलेलं नसतं. डॉक्टर बिराजदारही लातूरकडचे, तरुण. त्यांनी दिगूला एकदा कसंबसं पाहिलं आणि म्हणाले, आजार आहे, औषधानं उतार पडेल. पण औषध देणार कसं? घरचं पाणी न पिणारा माणूस गोळी गिळणार होता थोडाच.

तेव्हा डॉक्टरांनी थेंबांची बाटली दिली. पाण्यासारखे बिनरंगाचे, बिनवासाचे. चहात घालू नका, चहात औषध बिघडतं, दुधात चालतं. आणि बजावलं, की पोरगा थोडा सुधारला, ऐकण्याच्या मनःस्थितीत आला, की सगळ्यात आधी त्याला हे सांगायचं.

दूधही तो घरात पीत नव्हताच. पण तालमीत जायचा. जोर निघत नव्हते, तरी आखाड्याच्या कडेला जाऊन बसायचा, आणि दयानंद वस्तादांच्या हातचं मुकाट्यानं घ्यायचा. वस्तादांवर त्याचा देवासारखा विश्वास. भऱ्याच्या तालमीत पोरांचा खुराक घरून येतो. ज्याचा त्याचा तांब्या ओळीनं कट्ट्यावर राहतो आणि मेहनत झाली की वस्ताद आपल्या हातानं एकेकाला देतात. नलिनीनं थंडाईच्या तांब्यात थेंब टाकले, तांब्याला फडकं बांधलं आणि कैलासच्या हाती दिलं. वस्तादांना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांनी तांब्या दिला, दिगू प्यायला.

पुढच्या काही आठवड्यांत भिंती बोलायच्या थांबल्या. मग एक दिवस दिगू स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाला, "आई, भूक लागलीया." नलिनीनं त्याला वाढलं, आणि तो जेवत असताना चुलीकडे तोंड करून रडली. पोरगा परत आला. जोर काढू लागला, माती अंगाला लावू लागला, आसपासच्या यात्रांत दोन-चार कुस्त्याही मारल्या. थंडाई आता तालमीऐवजी घरातच होऊ लागली.

फक्त सांगायचं तेवढं राहून गेलं. राहून गेलं म्हणजे नलिनीनंच राहू दिलं. काय सांगणार होती? की बाळा, तू वेडात जे बडबडत होतास, ते आता मी रोज सकाळी करते?

तर बनियनचा तो डाग घेऊन ती मारुंजीला गेली. कैलासलाही ओढून नेलं. तालमीत वस्ताद म्हणू लागले होते, की दिग्याची छाती सुटलीय, रगही कमी झालीय, तूप कमी करा आणि जोर वाढवा. कैलासला ते पटलं होतं. नलिनीनं डॉक्टरांपुढे खरं काय ते सांगितलं, तेव्हा कैलासनं मान फिरवून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायला सुरुवात केली.

डॉक्टरांनी बनियन उलटंसुलटं करून पाहिलं. मग म्हणाले, "मावशी, मी त्याला मधेच बोलावून तपासायला हवं होतं. तुम्ही फोनवर बरा आहे, बरा आहे म्हणालात, मीही सोडून दिलं."

"पर ह्ये झालं कसं?"

"मेंदूच्या बुडाशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते. पिट्युटरी म्हणतात. अंगातली पुष्कळशी हार्मोन तिच्यातून सुटतात. पण ती आपल्या मनानं सोडत नाही, वरून मेंदू तिला रसायनांच्या हाती निरोप धाडतो. वाढीचं सोड, अमुक सोड. सोड म्हटलं की ती सोडते. एका हार्मोनचं मात्र उलटं आहे. दुधाचं. ते सोडायला ही ग्रंथी कायम तयारच बसलेली. बाईच्या अंगात तशीच पुरुषाच्याही. म्हणून मेंदूला तिला सारखं ‘थांब, थांब’ म्हणत राहावं लागतं. तो निरोप नेणारं रसायन म्हणजे डोपामिन. बाळ अंगावर प्यायला लागलं की हा निरोप कमी पडतो, हार्मोन वाढतं, आणि आईला दूध येतं."

"आन् दिगूला?"

"दिग्विजयच्या मेंदूत हेच डोपामिन एका भागात फार झालं होतं. त्यामुळे साध्या गोष्टीतही त्याला काहीतरी दिसायचं, संशय यायचा. आपले थेंब डोपामिनला अडवतात. पण थेंब रक्तातून जातात, त्यांना कुठं अडवायचं आणि कुठं नाही हे कळत नाही. वर संशय थांबला. आणि खाली त्या ग्रंथीला ‘थांब’ म्हणणारं कुणी राहिलं नाही. ती सोडत बसलीय. तेच हार्मोन वाढलं की पुरुषाची ताकदही उतरते."

कैलासला यातलं किती समजलं देव जाणे. नलिनीला मात्र सगळं समजलं, नको तितकं समजलं. दिगूच्या डोक्यातला तो आवाज आणि त्याच्या छातीतलं ते दूध, दोन्ही एकाच चिमूटभर रसायनाच्या ओंजळीत होतं. ते मोकळं सोडलं तर पोराची अक्कल जाते. अडवलं तर पैलवानाची छाती बाईसारखी होते. असली वाटणी कुणी केली असेल, त्याला तिनं मनातल्या मनात चांगली शिवी दिली.

दुसरं औषध आहे, डॉक्टर म्हणाले. त्यानं बहुधा असं होत नाही. पण ते हळूहळू बदलावं लागेल, रक्त तपासावं लागेल, कदाचित त्या ग्रंथीचा फोटोही काढावा लागेल. थेंब एकदम बंद करायचे नाहीत, आजार उसळेल. "आणि आता यातलं काहीही लपवून करता येणार नाही. तो शहाणा आहे, सज्ञान आहे. त्याला घेऊन या. आपण मिळून सांगू."

परतीच्या वाटेवर कैलासनं गाडी चालवता चालवता आपला निकाल देऊन टाकला. "यात्रा हुं दे. मंग बगू."

"आवं, डॉक्टर काय म्हनले—"

"डॉक्टरला काय जातंय म्हनायला! चैतात गावची यात्रा. जोड लागलीया त्याची. आत्ता ह्यो इषय काढलास तर त्यो मातीत उभा तरी ऱ्हाईल का? येवढे दिस गेले, आनिक चार गेले तर काय आभाळ कोसळतंय?"

 खरं तर नलिनीलाही तेच हवं होतं. अवघड गोष्ट पुढं ढकलायला नवऱ्यानं आयतं कारण दिलं, तिनं ते पदरात घेतलं.

आभाळ कोसळायला यात्रेपर्यंत थांबलं नाही. एका सकाळी तालमीत दिगूची साहिलशी लढत लागली होती. साहिल त्याच्याच वयाचा, बरोबरीचा गडी, स्वभावानं वाईट नव्हे, पण जीभ सैल. पाठीमागून मिठी घालून कब्जा घेताना त्याचा हात दिगूच्या छातीवर दाबला गेला. त्यानं हात काढून पाहिला. मातीत भिजलेली बोटं पाहिली. आणि सगळ्या तालमीला ऐकू जाईल असं ओरडला, "वस्ताद! कैलासकाकाला म्हशी इकाय सांगा. दिग्याच दूध द्याया लागला!"

तालीम हसली. वस्तादांनी साहिलच्या कानाखाली जाळ काढला, पण हसणं काही माघारी घेता येत नाही.

नलिनी परसात शेण काढायला गेली तेव्हा दिगू तिला गोठ्यात दिसला. अंगावरची माती तशीच. दाव्याचा एक पदर हाताभोवती गुंडाळून तो म्हशीशेजारी उकिडवा बसला होता. ते दावं पाहून तिनं हातातली पाटी तिथंच टाकली.

"दिगू, ऊट. आंगुळ कर."

तो उठला नाही. "आई, माज्यात काय व्हतंय?"

"काय व्हतंय?"

"तुला ठावं हाय. कापडं तूच धुतीस." त्यानं मान वर केली. इतक्या वर्षांत तिनं त्याला मातीत पडताना पाहिलं होतं, मोडलेलं बोट दातावर दात दाबून सोसताना पाहिलं होतं. असा घाबरलेला कधी पाहिला नव्हता. "मी बाई व्हाया लागलोय का? माज्या आंगात काय शिरलंय का? खरं सांग. न्हाईतर मी माजं काय ते बगतो."

बोलावं तर एक मरण, न बोलावं तर दुसरं. न बोललं तर हा पोरगा शरमेनं जाईल, आज किंवा उद्या, त्याच दाव्यानं. बोललं तर त्याला कळेल की वेडाच्या भरात त्यानं जे म्हटलं होतं ते आईनं खरं करून ठेवलंय. डॉक्टर सोबत हवे होते. नव्हते. नलिनीनं दाव्याकडे पाहिलं आणि ती बोलली.

"कायबी शिरलं न्हाई राजा. औषधानं झालंय. औषध बदललं की बंद व्हईल. डॉक्टर म्हनले."

"कुटलं औषध? मी कुटं औषध घेतोय?"

म्हैस रवंथ करत होती. नलिनीनं तिच्या पाठीवर हात ठेवला, आधाराला काहीतरी हवं म्हणून.

"थंडाईत टाकतीया मी. तू लई आजारी व्हतास. काय खात न्हवतास, काय पीत न्हवतास. डोळ्यांम्होरं वाळत चाललेलास. मंग डॉक्टरनं थेंब दिलं."

"कवापासनं?"

"तवापासनं."

"म्हंजी तालमीत? वस्तादांच्या हातनं?"

"त्यांला ठावं न्हवतं रे."

"ते बी तूच म्हंतीस."

तिला वाटलं आता तो भडकेल, ताट भिरकावलं तसं काहीतरी भिरकावेल. तो भडकला असता तर बरं झालं असतं. त्याच्या चेहऱ्यावर राग आलाच नाही. चेहरा सैल झाला, खूप दिवस डोक्यावर वाहिलेलं ओझं कुणीतरी उतरवून घ्यावं तसा. हाताभोवतीचं दावं त्यानं सोडून दिलं.

"म्हंजी मी येडा न्हवतो," तो म्हणाला.

"आरं, तवा नव्हतं काय कालवलं! तू म्हनत व्हतास तवा कायबी नव्हतं. त्ये मागनं, तू आजारी पडल्यावर—"

"मला कळत व्हतं. सगळी म्हनत व्हती डोकं फिरलंय. मला बराबर कळत व्हतं."

आधी की मागून, एवढाच तो फरक. दिगूचं सगळं शहाणपण त्या एवढ्याशा फरकावर टांगलेलं, आणि तो पटवून द्यायला नलिनीकडे स्वतःच्या शब्दापलीकडे काही नव्हतं. तिच्या शब्दाची किंमत काय, ते तर तिनंच आत्ता सांगून टाकलं होतं. ती पुन्हा पुन्हा तेच सांगत राहिली, आधी नव्हतं, नंतर घातलं, तुझ्यासाठी घातलं. दिगू शांतपणे ऐकत होता, लहान मुलाची थाप ऐकून घ्यावी तसा. मग त्यानं बाटली मागितली. तिनं तांदळाच्या डब्यातून काढून दिली. त्यानं ती उकिरड्यावर नेऊन उपडी केली.

नलिनीनं त्याच रात्री फोन केला, आणि डॉक्टर बिराजदार दुसऱ्याच दिवशी स्वतः गाडी काढून भऱ्याला आले. दिगू त्यांच्याशी अदबीनं बोलला. त्यानं त्यांचं सगळं ऐकून घेतलं, ग्रंथी, निरोप, नवं औषध. मग हात जोडून म्हणाला, "साहेब, थेंब तुमीच दिलं न्हवं? मंग आता तुमची गोळी मी कशी खाऊ?"  डॉक्टर प्रामाणिक माणूस; त्यांनी आणलेल्या गोळ्या परत बॅगेत ठेवल्या. जाताना कैलासला बाजूला घेऊन म्हणाले, की स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करायला लागला तर दवाखान्यात ठेवावं लागेल. आत्ता तरी तो नाही म्हणतोय, आणि नाही म्हणायचा त्याला हक्क आहे.

आणि मग जे झालं त्याला काय म्हणावं! दिगू सुधारत गेला. म्हणजे गावाच्या डोळ्यांना सुधारत गेला. थेंब बंद झाले, ग्रंथीला तिचं ‘थांब’ पुन्हा ऐकू जाऊ लागलं. दूध आटलं. छाती बसू लागली. अंगात रग भरली. वस्ताद खुश. साहिलनं पाया पडून माफी मागितली. अंडी, केळी आणि चुलत्याच्या गोठ्यात स्वतःच्या हातानं काढलेलं धारोष्ण दूध, एवढ्यावर दिगू मेहनत करत होता. कैलास येता-जाता नलिनीला सुनावू लागला. "बगितलंस? त्या औषधानंच पोराचं वाटुळं केलं व्हतं. आरं, वाघ हाय वाघ."

 छाती बसत चालली म्हणजे डोक्यातलं दारही उघडत चाललं, हे नलिनीला डॉक्टरांनी सांगितलेल्या हिशेबावरून कळत होतं. अवघ्या मुळशीत मुलाची तब्येत सुधारताना पाहून जिच्या काळजाचं पाणी होत होतं, अशी आई ती एकटीच असेल.

यात्रेत दिगूनं कुस्ती मारली. ढाक डावावर, निकाली. गुलाल उधळला, हलगी कडाडली, बायका ओट्यांवर येऊन बघत होत्या आणि कैलास पोराला खांद्यावर घ्यायला धावला. दिगूनं त्याला दूर सारलं. वस्तादांनी तोंडात पेढा भरवायला हात पुढं केला, तेव्हा तो त्यांच्या बोटांकडे टक लावून बघत राहिला, आणि तोंड घट्ट मिटून मागं सरकत सरकत गर्दीतून बाहेर पडला. लोकांना वाटलं, जिंकलेला गडी आहे, लाजला असेल.

भिंती बोलायला लागल्या त्या त्यानंतर. आधी फक्त एका खोलीच्या. मग सगळ्याच. कामगारांना ही खोली सोडा, ती सोडा, असं तो दारात जाऊन सांगू लागला. चुलत्याच्या म्हशीच्या दुधालाही वास येऊ लागला. अंड्यांना सुईचं भोक पाडून आत काहीतरी सोडतात, हे त्याला दिसू लागलं, तेव्हा अंडीही गेली. आता कैलास सुनावायचा बंद झाला. खोल्यांना नवे भाडेकरू शोधायच्या निमित्तानं तो दिवसचे दिवस पिरंगुटला जाऊन बसायचा.

नलिनीला एक सुचलं. एका दुपारी ती ओसरीवर दिगूसमोर एकच ताट घेऊन बसली. भाकरी मोडली, पिठल्यात बुडवली आणि स्वतः खाल्ली.  दुसरा घास खाल्ला. दिगू तिच्या गळ्याकडे बघत होता, घास कुठून कुठं जातो ते.

"त्या बाजूचं खा," तो म्हणाला.

तिनं त्या बाजूचं खाल्लं.

"तोंड उगड."

तिनं तोंड उघडलं. जीभ वर करून दाखवली. आपल्या पोरासमोर, भर दुपारी, ओसरीवर. मग दिगूनं हात पुढं केला आणि तिनं तोडलेल्या भाकरीचा उरलेला तुकडा, तिचा उष्टा, उचलून तोंडात घातला.

नलिनीला काय वाटलं ते लिहून सांगण्यासारखं नाही. रोज दुपारी तेच सुरू झालं. ती आधी खायची, मग तो तिचं उष्टं दोन-तीन घास खायचा. अंगावर पाजलं होतं तेव्हाही ती एवढी जपून बसली नसेल.

कैलासला ते दिसलं. त्यानं स्वयंपाकघरात येऊन दार लोटलं आणि हळूच म्हणाला, "म्या डॉक्टरकडं जाऊन दुसरी बाटली मागून आनतो. टाक ह्याच्यातच. तू बी खा, त्यो बी खाईल. तुला थोडं सोसावं लागंल. पर पोरगा वाचंल."

तिनं विचार केला नाही असं नाही. सबंध दिवस केला. स्वतःच्या पोटात ते थेंब गेल्यानं तिला काही वाटलं नसतं. विष असतं तरी ती खायला बसली असती. पण पुन्हा लपवायचं म्हटल्यावर तिचा हात उचलेना.

"न्हाई," ती म्हणाली. "येक डाव खरं बोलले. येवढंच ऱ्हायलंय माज्याजवळ. त्यो माजं उष्टं खातुया, त्येच्यात मी न्हाई टाकनार."

"मंग मरूं दी त्याला," कैलास म्हणाला, आणि कधी नव्हे तो पोत्यावर बसून पोरासारखा हुंदके देऊ लागला.

दुसऱ्या दिवशी दुपारी नलिनीनं पिठलं जरा चवीचं केलं, लसूण ठेचून, दिगूला आवडायचं तसं. आधी ती जेवली. तिनं तोंड उघडून दाखवलं. दिगूनं चार घास खाल्ले, नेहमीपेक्षा एक जास्त, आणि उठून परसात गेला. ती ताट उचलत होती तेव्हा तिला आवाज आला. मोरीच्या मागं, घशात बोटं घालून तो सगळं बाहेर काढत होता. एकदा, पुन्हा एकदा, पोट रिकामं होईपर्यंत. तो आवाज सराईत होता. तो हे रोजच करत असला पाहिजे.

तो चूळ भरून आत आला. डोळे लाल, ओठ ओले. तिच्याकडे बघून, न चिडता, न रागावता, घरातल्या माणसाची चौकशी करावी तसं त्यानं विचारलं, "आज काय टाकलं व्हतंस, आई?"

"कायबी न्हाई रे," नलिनी म्हणाली.

ते खरं होतं. पण बोलून झाल्यावर तिचं तिलाच ते खोटं वाटलं.